पाठीवरून शिकलेला नाच

माझी बायको गेली आणि तीन महिन्यांनी तिचा नवा नाच निघाला. ही गोष्ट मला पहिल्यापासून पटली नव्हती.

फोन थिएटरच्या मॅनेजरबाईंचा होता. त्या म्हणाल्या, "मॅडमचं शेवटचं काम तयार आहे. त्यांची विद्यार्थिनी करणार आहे. चांगलं चाळीस मिनिटांचं आहे. जाहिरातीत त्यांचं नाव घालतोय, तुमची हरकत नाही ना?"

"कुठलं काम?" मी विचारलं.

"त्या शेवटी करत होत्या ते."

"बघून सांगतो," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

शेवटच्या दिवसांत माझ्या बायकोला आमचा जिना एका दमात चढवत नव्हता. मधल्या वळणावर ती भिंतीला टेकून उभी राहायची आणि मी बाजारातून आणलेल्या वस्तूंबद्दल काहीतरी विचारायची, म्हणजे मला वाटावं की ती बोलायला थांबली आहे. ती बाई चाळीस मिनिटांचा नाच कधी बसवणार? तालमीच्या हॉलवर जायची, हे खरं. मीच तिला दारापर्यंत सोडायचो. पण आत मला घेत नव्हती. "तू आलास की मी तुझ्याकडेच बघत बसते, काम होत नाही," म्हणायची. पूर्वी असं कधी म्हणाली नव्हती.

मी बसमध्ये तिकिटं तपासतो. दुसऱ्याच्या पासावर प्रवास करणारे लोक रोज भेटतात. घाबरलेला माणूस खिसे चाचपतो, तो बहुतेक वेळा खरा निघतो. खोटा असतो तो पास आधीच हातात धरून बसलेला असतो आणि आपल्याकडे बघून हसतो. त्या विद्यार्थिनीचा पास मला असाच आधीपासून हातात धरलेला वाटत होता. तिचं स्वतःचं नाव कोणाला माहीत नाही. स्वतःच्या नावावर नाच लावला तर समोर तिची आई आणि मावशी बसतील. माझ्या बायकोचं शेवटचं काम म्हणून लावला तर थिएटर भरेल. यात न समजण्यासारखं काय आहे?

बायको त्या विद्यार्थिनीला काडी म्हणायची. अंगाने तशीच आहे. शेवटची दोन वर्षं ती बायकोकडे शिकत होती.

दुसरा संशय मला आवाजवाल्याचा होता. तो बायकोच्या कामांना आवाज करायचा, म्हणजे गाणीबजावणी नव्हे. दार, पाऊल, पंखा, श्वास असलं काय काय जमवून त्याचं काहीतरी करायचा. बायको गेल्यावर तो भेटायला आला, हातात हात घेतला, रडलासुद्धा. आणि चहाचा कप अर्धा व्हायच्या आत विचारतो, "त्यांच्या हार्ड डिस्क कुठे ठेवल्यात?" मी सांगितलं, माहीत नाही. कपाटातच होत्या.

माझ्या बायकोचं काम काय होतं, हे नीट सांगणं मला कधी जमलं नाही. लहानपणी ती शास्त्रीय नाच शिकली, विशीत गुरूंशी भांडून तो सोडला. मग तिने कोणाकोणाबरोबर काम केलं याचा हिशेब नाही. एका कुंभाराबरोबर केलं. ओल्या मातीवर ती नाचली आणि त्याने ती माती पावलांच्या ठशांसकट भाजली. लोक ते ठसे बघायला आले. एकदा दवाखान्यात नंबर पुकारल्यावर माणसं कशी उठतात, एवढ्यावरच नाच केला. त्यासाठी ती महिनाभर तिथल्या बाकावर बसून होती. शेवटी नर्सने विचारलं, "तुम्हाला नक्की काय होतंय?"

माझे सोबती डेपोत विचारायचे, "वहिनी सध्या काय करतात?"

"नाचतात."

"कुठे?"

"पोहण्याच्या तलावात."

"पाण्यात?"

"नाही, पाणी काढून टाकलंय."

मग ते विषय बदलायचे. सुरुवातीला प्रेक्षकांपेक्षा दिवे धरणारे जास्त असायचे. नंतर बाहेरच्या देशांतून बोलावणी यायला लागली, पेपरात लिहून यायला लागलं. मला तेव्हाही सगळं कळत होतं असं नाही. पण ती खोटं कधी करत नव्हती, हे कळत होतं. एखादी हालचाल दिसायला सुंदर असेल आणि तिला पटली नसेल तर काढून टाकायची. मी म्हणायचो, "राहू दे की, छान दिसते." ती म्हणायची, "म्हणूनच."

म्हणून तिच्या मागे तिच्या नावावर काही भलतंच खपवलं जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं होतं. ती स्वतः आता येऊन नाही म्हणू शकत नव्हती. ते काम माझ्याकडे आलं होतं.

अक्का, म्हणजे तिची मोठी बहीण, कपडे आवरायला आली होती. तिला मी फोनचं सांगितलं.

"भावोजी, ती पोरगी चलाख आहे," अक्का म्हणाली. "दिवसकार्याला बघितली मी. सगळ्यांना पाणी देत फिरत होती, जसं काही हिचंच घर."

"पाणी दिलं त्यात काय?"

"मला दोनदा दिलं."

"मग तहान लागली असेल असं वाटलं तिला."

"तुम्ही तिची बाजू घेताय का माझी?" अक्काने एक शाल झटकली. "मला सांगा, माझ्या बहिणीने आजवर एक काम असं केलंय का, ज्याचं शूटिंग नाही? भाजी चिरताना कॅमेरा लावून ठेवायची ती. माझ्या गुडघ्यांचं शूटिंग केलंय तिने. मग याचंच का नाही?"

हे मात्र खरं होतं. कपाटातल्या सगळ्या डिस्क मी शेजारच्या मुलीकडून लावून बघितल्या होत्या. तलाव होता, दवाखाना होता, अक्काचे गुडघे होते. हॉलवरच्या शेवटच्या महिन्यांचं काहीच नव्हतं.

"जा आणि बघा," अक्का म्हणाली. "तुम्ही रोज शंभर लोकांना पकडता. ही एक पोरगी."

मी सुट्टी घेऊन दुपारी हॉलवर गेलो. हॉल एका बंद छापखान्याच्या वर आहे. लाकडी जमीन, तीन उंच खिडक्या, एका भिंतीला लागून पाण्याच्या बाटल्या आणि चटया. आरसे बायकोने पहिल्याच वर्षी काढून टाकले होते. त्यांच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन राहिलेत. आवाजवाला कोपऱ्यात त्याच्या यंत्रांपाशी बसला होता. काडीने माझ्यासाठी समोर खुर्ची ठेवली, ती आधी फडक्याने पुसली.

"काका, पाणी?"

"नको," मी म्हणालो.

तिने नाच सुरू केला. मी जसा बसमध्ये बघतो तसा बघितला. चेहरा बघितला, हात बघितले. विशेषतः हात. ते उगाच वर जात होते, उघडत होते, गळणाऱ्या नळासारखे चालूच होते. माझी बायको हातांच्या बाबतीत कंजूष होती. तिचा हात उठला की त्याला काहीतरी काम असायचं. इथे हातांना काम नव्हतं, पण सुट्टीही नव्हती. पाच मिनिटांत माझी खात्री झाली. पोरगी वाईट नाचत होती असं नाही. पण ती माझ्या बायकोचं काही करत नव्हती.

ती थांबली. घाम पुसत माझ्याकडे बघत उभी राहिली.

"हे तिचं नाही," मी म्हणालो.

"आहे, काका."

"हात तिचे नाहीत."

"हात माझेच आहेत." तिने हे इतक्या सरळ सांगितलं की मी जरा गडबडलो. "हात बाईंनी शिकवलेच नाहीत. ते मी घातले. बाकीचं त्यांचं आहे."

"बाकीचं म्हणजे काय? पाय?"

"पाठ."

मी आवाजवाल्याकडे बघितलं. तो वायर गुंडाळत होता, वर बघत नव्हता.

काडीने सांगितलं ते असं. बायकोने या वेळी कॅमेरा आत आणू दिला नाही. तिने काडीला आपल्या मागे उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि दोन्ही तळवे पाठीवर ठेवायला सांगितले. मग बायको हलायची, आणि काडीने हाताखाली जे कळेल ते आपल्या पाठीत उतरवायचं. बोलायचं नाही, विचारायचं नाही. दमली की बायको बसायची, काडीचे हात तसेच ठेवून. रोज थोडं थोडं. "बसूनही पुष्कळ झालं," काडी म्हणाली. "शेवटी शेवटी तर बसूनच. मी ते उभ्याने करते एवढंच."

"आणि हे कोणी बघितलं?"

"कोणीच नाही."

"वा," मी म्हणालो. "शूटिंग नाही, बघणारा नाही, शिकवणारी गेली, आणि शिकणारीचे डोळे मिटलेले. तुझ्या जागी मी असतो तरी हेच सांगितलं असतं."

तिचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"काका, एक मिनिट," आवाजवाला म्हणाला. "मी खाली छापखान्यात होतो. छताला माइक लावून जमिनीचा आवाज घेत होतो. दोन माणसांचं वजन कळतं त्यात. ऐकवू?"

"ते तुम्ही उद्यासुद्धा करू शकता. दोन माणसं आणायची आणि चालवायची."

"करू शकतो," तो म्हणाला. "म्हणून तर हार्ड डिस्क विचारत होतो. मलासुद्धा वाटत होतं की कुठेतरी एखादं शूटिंग असेल. मीही हिला हेच विचारलं होतं, तुमच्या आधी."

"मग काय ठरवलंत?"

"मी आवाज करतो, काका. मला पोटाला काम लागतं. ठरवायचं तुम्हाला आहे."

मी उठलो. मॅनेजरबाईंना नाही सांगायचं, हे ठरलंच होतं. माझे बूट मागच्या दाराशी होते, तिकडे गेलो आणि बाकावर बसून घालायला लागलो. कोपऱ्यात आवाजवाल्याने काडीला हळूच विचारलं, "मधला भाग एकदा करतेस? मला आवाजाची पातळी बघायचीय." माझं मत काहीही असो, त्यांचं काम चालू राहणार होतं. ती पुन्हा उभी राहिली, रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून. मी मागे होतो. मला तिची पाठ दिसत होती.

माझा एक बूट पायात होता आणि एक हातात.

डाव्या खांद्यामागचं हाड बाहेर आलं होतं, नीट न लागलेल्या ड्रॉवरसारखं. खांदा थोडा पुढे, हाड मागे, आणि मान त्याला सांभाळून जरा उजवीकडे. पाठ वळली की आधी उजवी बाजू जायची आणि डावी एक क्षण थांबून मागून यायची. ही पाठ मी ओळखत होतो. तीस वर्षं मी तिला बाम चोळला आहे.

लग्नाआधी ती दिवे टांगायला शिडीवर चढली होती आणि तिथून पडली. गळ्याचं हाड मोडलं, ते वाकडं जुळलं, खांदा कायमचा तसा राहिला. तो तिने कोणाला दिसू दिला नाही. कपडे असे शिवून घ्यायची की डाव्या बाजूला चुण्या यायच्या. आणि प्रेक्षकांकडे पाठ करून ती एकाही कामात उभी राहिली नाही. यावर एका समीक्षकाने पानभर लिहिलं होतं, की ही नर्तकी जगाकडे पाठ फिरवायला नकार देते. तिने ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "आता खांदा बरा झाला तरी पंचाईत."

मी बूट खाली ठेवला.

पहिला विचार काय आला, तेही सांगतो. मला वाटलं, हिने नक्कल केली. कधीतरी कपडे बदलताना बघितलं असेल आणि मला गंडवायला हे शिकली असेल. नवरा येणार, त्याला ओळखू येईल असं काहीतरी दाखवायचं. पण मग तिने खुर्ची समोर का ठेवली असती? दाखवायचंच असतं तर मला मागे बसवलं असतं.

"थांब," मी म्हणालो. ती थांबली. "तो डावा खांदा तसा का धरतेस?"

"तो तसाच आहे, काका."

"कुठे तसा आहे?"

"पूर्ण कामात. पहिल्या दिवशी हात ठेवला तेव्हापासून. बाईंनी तो एकदाही सोडला नाही. मला वाटतं सगळं त्यातूनच निघतं." ती बोलता बोलता उजव्या हाताने डावा दंड चोळत होती. "मला जमतच नव्हता आधी. माझी पाठ सरळ आहे ना. आता जमतो."

"दुखतो?"

"नाही."

"दुखतो तिला," आवाजवाला म्हणाला. "बोटं बधिर होतात. परवा हातातून कप पडला."

"तू गप्प बस ना," काडी म्हणाली.

मग मला सगळं कळलं. असं वाकडं हाड कोणी मनाने बसवत नाही. ते तिला हातातूनच कळलेलं होतं. पोरगी खरी होती. फक्त तिने माझ्या बायकोच्या मोडक्या हाडालाही नाच समजून शिकून घेतलं होतं. विचारायचं नाही म्हटल्यावर विचारलं नाही. दुसऱ्या कुठल्याही धंद्यात माणसाने विचारलं असतं, बाई, तुमच्या खांद्याला काय झालंय?

हे तिला लगेच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मी म्हणालो, "पहिल्यापासून कर. मी इथेच बसतो."

तिने पूर्ण केलं. मी मागच्या बाकावर बसून बघितलं. हात मला दिसत नव्हते, तोंड दिसत नव्हतं. पाठ दिसत होती. एका ठिकाणी ती पाठ खाली वाकते आणि वर येताना थांबते. जिन्याच्या वळणावर माझी बायको तशीच थांबायची. तेव्हा मला फक्त तिची दमछाक दिसली होती. इथे दिसलं की ती थांबून पुढच्या पायरीची तयारी करायची. किती वेळ गेला मला कळलं नाही. मला वाटलं, कोणाला काही सांगायचं नाही. खुर्च्या मागे लावायला लावाव्यात, नाव घालावं, आणि जेव्हा जेव्हा हा नाच होईल तेव्हा जाऊन बघावं.

काडी संपवून वळली आणि तिने डावा हात उजव्या हाताने उचलून कमरेवर ठेवला. आपोआप वर येत नव्हता म्हणून.

"तो खांदा नाचातला नाही," मी म्हणालो.

मी शिडीचं सांगितलं, चुण्यांचं सांगितलं, पाठ न करण्याचं सांगितलं. काडी खाली बसली.

"मग मी इतके महिने..."

"हो."

"बाईंनी सांगितलं का नाही?"

"तिला वाटलं असेल, तुला माहीत आहे. किंवा ती विसरली असेल. तिला तो वाकडा वाटतच नसेल आतून."

"आणि तुम्ही ओळखलंत म्हणून आता तुमचा विश्वास बसला?"

"हो."

"आणि तो मी काढून टाकायचा?"

"तिने आयुष्यभर झाकला," मी म्हणालो. "आणि तुझा हात निकामी होत चाललाय."

ती उठली, खांदा सरळ केला आणि सुरुवात केली. पहिल्याच वळणावर तोल गेला. सगळा नाच त्या वाकड्या हाडावर उभा होता. पुन्हा केलं, पुन्हा गेला. आवाजवाल्याने यंत्र बंद करून ठेवलं. मग हळूहळू एकेक तुकडा लागायला लागला. मधला वाकण्याचा भाग तर आधीपेक्षा चांगला झाला, मोकळा झाला. आता कोणीही म्हटलं असतं की हा एका तरुण मुलीचा चांगला नाच आहे. माझी बायको त्यात मला कुठे दिसली नाही. मी बूट घातले.

"काका, हात?" काडीने मागून विचारलं. "हातांचं काय करू?"

"कमी कर," मी म्हणालो. "एवढंच मला माहीत आहे."

घरी अक्का वाट बघत बसली होती. "पकडलीत का?"

"खरी आहे."

"कशावरून?"

मी तिला सांगितलं. ती आधी ऐकत होती, मग हातातलं काम बाजूला ठेवलं. शिडीवरून पडली तेव्हा तिला दवाखान्यात नेणारी अक्काच होती.

"मला दाखवा," ती म्हणाली. "उद्या जाऊ."

"आता नाही दिसणार. मी तिला सरळ करायला सांगितला."

अक्का माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे तुम्ही बघितलात आणि मोडून आलात. मला एक फोन करायचा होता, भावोजी. ती माझीही कोणीतरी होती."

ती उठून खिडकीपाशी गेली. परत आली तेव्हा तिचा आवाज बदलला होता.

"रागावू नका. पण खरंच होता का तो खांदा, की तुम्हाला दिसला? मागच्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, बसमध्ये पुढच्या सीटवर ती बसलेली दिसली. कोणी भलतीच निघाली. आज एकदा पाठ बघितलीत, पोरीचे दोन शब्द ऐकलेत आणि पाघळलात. ती चलाख आहे, मी म्हटलं होतं."

मी विचार केला. आवाजवाल्याला विचारा, असं तिला सांगता आलं असतं, पण त्याने माझ्या बायकोची पाठ कधी बघितली नव्हती. काडीला तर आज कळलं. ती पाठ ओळखणारी माणसं आता दोनच, त्यातल्या एकीने बघितलं नाही आणि दुसऱ्याने ते पुसून टाकलं. बिनपुराव्याचं असं कोणी बसमध्ये सांगितलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं.

तेवढ्यात मॅनेजरबाईंचा फोन आला. छपाईला द्यायचंय, काय ठरलं?

"बनवणारी म्हणून माझ्या बायकोचं नाव घाला," मी म्हणालो. "आणि हात त्या मुलीचे, असंही लिहा."

"असं कसं लिहायचं?"

"जमेल तसं लिहा. पण लिहा."

"आणि हे मॅडमचंच काम आहे, याची तुम्हाला खात्री आहे? पेपरवाले विचारतील."

अक्का समोर उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत.

"विचारू देत," मी म्हणालो. "नवऱ्याने सांगितलं म्हणून सांगा."